कुऱ्हाड न लावता मेलेली तिवरं

परवा उरणला मावशीकडे गेलो होतो. जेवायला कोलंबीचं कालवण. "खाडीची का गं?" असं सहज विचारलं, तर फिस्सकन हसली. "खाडीची कुठली पोरा, बाजारातून आनलीय." जिने उभा जन्म ओहोटीला चिखलात उतरून, बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या (चिखलातले मासे) काढल्या, ती आता कोलंबी विकत आणते. तीही भाव ऐकून अर्धा किलोच.

जेवणं झाल्यावर दोघं मागे खाडीवर गेलो. तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आहेत तिथेच उभी आहेत, पण राखाडी. एक पान नाही. आणि कुणी एक फांदीही तोडलेली नाही! रस्त्यासाठी भराव टाकला, तेव्हा भरतीचं पाणी आत यावं म्हणून खाली दोन पाईप घातले होते. एक डेब्रिजने बुजलाय. दुसरा इतक्या उंचावर बसवलाय की मोठ्या उधाणाशिवाय पाणी त्याच्या तोंडाला लागत नाही. "पानीच येत नाय, मंग चिंबोरी काय हवेवर जगल?" मावशी म्हणाली. चिंबोरी म्हणजे खाडीतला खेकडा.

तिवराची मुळं चिखलात पेन्सिली रोवाव्यात तशी वर आलेली असतात. ओहोटीला झाड त्यांतून श्वास घेतं. भरती अडवली की चिखलाला भेगा पडतात, झाड वाळतं. उलट पाणी आत कोंडून ठेवलं, तर तीच मुळं बुडून गुदमरतात. म्हणजे पाण्याची ये-जा बिघडवली की काम फत्ते, कुऱ्हाडीची गरजच नाही. मग काही वर्षांनी पाहणीला आलेले साहेब लिहून जातात, इथे जिवंत खारफुटी नाही. खोटं तरी काय लिहिलं त्यांनी?

कायदा कमी आहे असं नाही. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की खारफुटी नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला. भोवती ५० मीटरचा पट्टाही राखायला लावला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी या खारफुटीच्या जातीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला. पण आपलं सगळं लक्ष झाडाच्या बुंध्यावर. रस्त्याखालच्या मोरीतून पाणी आत येतंय का, हे बघायला कोण जातं? (आणि पाहणी नेहमी ओहोटीलाच का ठरते, हे मला आजवर कळलेलं नाही.)

लोकहिताचा प्रकल्प असेल तर कोर्टाच्या परवानगीने झाडं तोडता येतात. बुलेट ट्रेनसाठी डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे २२ हजार खारफुटी तोडायची परवानगी मिळाली. बदल्यात पाचपट लावणार म्हणे. लावा, चांगलंच आहे. पण रोपं दुसऱ्या तालुक्यात लावली, तर आमच्या खाडीतल्या चिंबोऱ्या तिकडे चालत जाणार आहेत का? कोलंबीची पिल्लं, बोईटं, जिताडा असले मासे, सगळे इथल्याच मुळांत लपून मोठे होतात आणि मग पुढे जातात. आत पाळणाघर बंद झालं की बाहेर समुद्रात होडी घेऊन जाणाऱ्याचंही जाळं हलकं होतं.

"मग विकास नको का?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. माझा मावसभाऊ कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याच्या पगारावरच ते घर चालतं. उरणचं न्हावा-शेवा बंदर उचलून न्या असं मी म्हणत नाही. भराव टाकण्याआधी भरतीची रेघ बघा, पाईप घालण्याऐवजी होडी जाईल एवढी मोरी बांधा आणि ती दरवर्षी साफ करा, एवढंच मागणं आहे. प्रकल्पाच्या खर्चात हे पैसे दिसणारही नाहीत.

भरपाईचं म्हणाल, तर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदराच्या कामामुळे धंदा बुडालेल्या १,६३० कोळी कुटुंबांना ९५ कोटींची भरपाई द्यायला सांगितली. आकडा मोठा वाटतो. भागाकार करा, घरटी सहा लाखांच्या आत येतो. पिढ्यान्पिढ्यांच्या खाडीचे!

येत्या अमावस्येला भरतीच्या वेळी मी त्या पाईपच्या तोंडाशी उभं राहून व्हिडिओ काढणार आहे. तारीख-वेळेसकट तक्रारीला जोडायला. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा. बूट जुने घाला, चिखल गुडघ्याच्या वर येतो.