भजणी अंदाजपंचे का असावी?

दिवाळी तोंडावर आली की महाराष्ट्रात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो: फराळ घरी करावा की विकत आणावा. एक बाजू म्हणते, घरचा फराळ म्हणजे बायकांची आठ दिवसांची वेठबिगार. पैसे टाका, डबे आणा, मोकळे व्हा. दुसरी म्हणते, विकतच्या चकलीला घरची चव नाही आणि आजकालच्या मुलींना काही करायला नको. अलीकडे त्यात तिसरा सूर मिसळलाय: घरी पाव आणि सावरडो (यीस्टऐवजी पिठाच्या आंबवणावर फुगवलेला ब्रेड) भाजणारे शहरी खुशालचेंडू आहेत, त्यांना रिकामा वेळ फार. जर्मनीत बसून हे वाचताना माझी चिडचिड होते. तिन्ही बाजू हिरिरीने बोलतात, पण चकली का मोडते हे एकीलाही सांगावंसं वाटत नाही.

इथे पिठाच्या साध्यातल्या साध्या किलोच्या पुडीवर ४०५, ५५० किंवा १०५० असा आकडा छापलेला असतो. शंभर ग्रॅम कोरडं पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा, आणि डीआयएन १०३५५ या जर्मन मानकाने तो बांधून दिलाय. आकडा मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. केकला ४०५, पावाला ५५०, करड्या ब्रेडला १०५०, हे नवशिक्यालाही पुडी हातात घेतल्यावर कळतं. आपल्याकडे पाकिटावर ‘मैदा’ एवढंच ठळक असतं. पावासाठी महत्त्वाचं असलेलं प्रोटीन किती, ते मागच्या बारीक तक्त्यात शोधायचं.

जर्मन ब्रेडसंस्कृती २०१४ मध्ये इथल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत गेली. बेकर व्हायला तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे व्यवसायशिक्षण, करावं लागतं. म्हणजे कोपऱ्यावर उत्तम ब्रेड मिळत असतानाही फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे प्रौढांच्या लोकशाळेच्या, वर्गांत लोक राईचं (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य, rye) आंबवण शिकायला येतात, त्यांत पुरुषही असतात, आणि घरी भाजणं पुरोगामी की प्रतिगामी असा प्रश्न माझ्या तरी कानावर आलेला नाही. आपण मात्र आधी भूमिका घेतो, मग पीठ मळतो.

पावाचंच घ्या. ५०० ग्रॅम मैदा, ३१० ग्रॅम दूध-पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, ४० ग्रॅम लोणी. लोणी शेवटी घालायचं. आधी घातलं तर पिठाच्या कणांवर चरबीचा थर बसतो आणि ग्लुटेन, म्हणजे पीठ ताणू देणारी प्रथिनांची जाळी, जुळायला वेळ लागतो. पीठ दोन्ही हातांनी हळूहळू ताणलं की न फाटता पातळ पडदा व्हायला हवा. तो होत नसेल तर मळणं कमी पडलंय. यीस्ट वाढवून उपयोग नाही. ‘तासभर झाकून ठेवा’ या वाक्याने महाराष्ट्रातले कितीतरी पाव बसले असतील. ३४ अंशांच्या स्वयंपाकघरात हे पीठ चाळीस मिनिटांत दुप्पट होतं, १९ अंशांत त्याला अडीच तासही लागतात. घड्याळ बाजूला ठेवा, पीठ सरळ बाजूंच्या डब्यात घाला आणि बाहेरून रबर बँड लावून खूण करा.

सावरडोला ‘आपल्याकडे जमत नाही’ म्हणणारे बहुतेक वेळा युरोपातल्या २३ अंशांसाठी लिहिलेली कृती मे महिन्यातल्या नागपुरात करत असतात. पिठाच्या २० टक्के आंबवण घालून ओट्यावर रात्रभर ठेवलं तर सकाळी ते पसरट, चिकट आणि आंबटढाण झालेलं असतं. कारण सरळ आहे: आम्ल वाढतं, पिठातली एन्झाइम्स ग्लुटेन तोडत जातात आणि वायू धरून ठेवणारी जाळीच राहत नाही. उन्हाळ्यात आंबवण १० टक्क्यांवर आणा, पाणी फ्रिजमधलं वापरा, पीठ दीडपट फुगलं की आकार देऊन पुढचे तास फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरी चूक चक्कीच्या आट्याची. जात्याखाली दळताना स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणावर भंगतात. भंगलेला स्टार्च पाणी खूप पितो, म्हणून पोळी मऊ राहते. ब्रेडमध्ये तोच स्टार्च एन्झाइम्सच्या तावडीत लवकर सापडतो, साखर सुटते आणि भाजल्यावर आतून चिकट गोळा राहतो. निम्मा आटा, निम्मा मैदा, ५०० ग्रॅमला ३६० ग्रॅम पाणी, आणि मोकळा गोल ब्रेड करण्याचा हट्ट सोडून टिनमध्ये भाजा. पोळीचं पीठ पोळीसाठी उत्तम आहे. ब्रेड बसला म्हणून आपल्या गव्हाला नावं ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, मग ते इथले असोत की तिथले.

आणि आता चकली, जिच्यावरून एवढं रण माजतं. भजणी वजनावर करा: तांदूळ ५०० ग्रॅम, हरभरा डाळ २५०, मूग डाळ १२५, उडीद डाळ ६०, पोहे ५०, धणे २५, जिरे १५. तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा, कारण पोहे मिनिटभरात कुरकुरीत होतात आणि हरभरा डाळीला दहा मिनिटं लागू शकतात. एकत्र भाजलं तर एक जळतं, दुसरं कच्चं राहतं. छापील पाककृतींत वाटीचं माप आलं ही मोठीच सोय झाली, पण पोह्यांची वाटी आणि डाळीची वाटी वजनाला एक नसते, आणि दोन घरांतल्या वाट्या तर नाहीतच.

उकडीला मात्र वाटी चालते, कारण भजणी आणि पाणी एकाच वाटीने मोजता येतं. जितकी भजणी तितकंच किंवा किंचित कमी पाणी, वाटीला एक मोठा चमचा तेल, तिखट, मीठ, हिंग, ओवा, तीळ. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, भजणी घालून ढवळा, दोन तास झाकून ठेवा. मग कोमट पाण्याच्या हाताने गोळ्यावरची भेग जाईपर्यंत मळा. सोऱ्यातून पडतानाच तुकडे होत असतील तर पीठ कोरडं आहे किंवा मळणं कमी झालंय. काटा उमटत नसेल तर पीठ सैल आहे. तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालं किंवा तेल तापलेलं नव्हतं. कमी मोहनाने दगड होते. दुसऱ्या दिवशी मऊ पडली, तर आच मोठी होती: वरून रंग आला, आत पाणी राहिलं. तेल १७० अंशांच्या आसपास ठेवा आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत चकली काढू नका. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय, दुसरं काही नाही.

हे इतकं सांगितलं की वेठबिगारीच्या वादाचं काय उरतं? बरंच उरतं, मान्य आहे. तळायला कुणाला उभं राहावंच लागतं. पण ‘अंदाजाने घाल’ म्हणणारी विद्या एकाच बाईच्या हातात अडकून राहते, आणि मग दरवर्षी तिलाच ओट्याशी उभं राहावं लागतं. आकडे भिंतीवर लावले तर घरातला मुलगाही भजणी भाजू शकतो. माझा हा मुद्दा ना विकतवाल्यांना पटतो, ना घरचीच हवी म्हणणाऱ्यांना.

दूर राहून उपदेश सोपा असतो, हे मला ठाऊक आहे. पुण्यातला माणूस फराळ विकत आणूनही पुणेकरच राहतो, त्याला काही सिद्ध करायचं नसतं. मी इथे चकली केली नाही, तर दिवाळी हा शरदातला एक कामाचा वार होऊन जातो. म्हणजे माझा आग्रह पूर्णपणे चकलीबद्दलचा नाही. तिथल्या वादात मला अजून कुणी धरतं का, ही धाकधूक त्यात आहे, आणि इथल्या पुड्यांवरच्या आकड्यांचा आधार घेऊन मी तिथे आवाज चढवतो, हेही खरं.

अनारसे सगळ्यात शेवटी, कारण तिथे माझे आकडे अपुरे पडतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. तांदळाला जो हलका आंबूस वास येतो तो राईच्या आंबवणाच्याच जातीच्या जिवाणूंचा. फडक्यावर तासभर पसरून ओलसर असतानाच दळायचे, चाळायचे. अर्धा किलो कोरड्या तांदळाला ४०० ग्रॅम गूळ, चमचाभर तूप, आणि गोळे पाच-सहा दिवस डब्यात ठेवायचे. तुपात अनारसा हसला, म्हणजे विरून पसरला, तर गूळ किंवा ओल जास्त झाली आहे. तांदळाची पिठी मिसळून एक दिवस थांबा. जाळी न पडता घट्ट राहिला तर थोडं पिकलं केळं कुस्करून मळा. खसखस लावलेली बाजू वर ठेवून तळा, उलटू नका, वरून झाऱ्याने तूप उडवत राहा.

जाळी पडते. वास मात्र इथल्या बुटरश्माल्त्सला, म्हणजे दुकानातल्या तयार तुपाला, नाही, कारण ते करताना बेरी तांबूस होऊ देत नाहीत. त्यासाठी झाउअररामबुटर हे लोणी आणा. ते आंबवलेल्या सायीचं असतं, म्हणून लोणकढ्या तुपाच्या जवळ जातं. २५० ग्रॅमचं पाकीट जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर वीसेक मिनिटं, फेस खाली बसून बेरी तपकिरी होईपर्यंत. तूप साधारण २०० ग्रॅम निघतं. दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडायची इथली सवय माझ्या अंगवळणी पडली आहे. तूप कढत असताना मात्र मी त्या लावून घेतो.