बकल सीटकव्हरखाली, सेन्सर छताला

उद्योगपती सायरस मिस्त्री सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर सीटबेल्टचा वाद अधूनमधून उकरून काढला जातो. काकांचं म्हणणं ठरलेलं: आपल्या लोकांना शिस्त नाही, दंड वाढवा. चुलतभावाचंही ठरलेलं: आधी रस्ते नीट करा, मग आमच्या पट्ट्याकडे बघा. आणि थोड्या वेळाने दोघंही माझ्याकडे वळतात. "तुमच्या अमेरिकेत बघ, कोणाला सांगावं लागत नाही."

हे कौतुक पूर्वी मी मुकाट्याने पचवायचो. गॅरेजचं ओपनर बदलल्यापासून ते घशाखाली उतरत नाही.

ओपनर म्हणजे गॅरेजचं दार बटणावर वर-खाली करणारी, छताला टांगलेली मोटर. आमचं घर जुनं, ओपनर आधीच्या मालकाच्या वेळचं. ते कुरकुरायला लागलं म्हणून काढायला शिडीवर चढलो, तर मोटरच्या मागे दोन छोटे सेन्सर चिकटपट्टीने एकमेकांकडे तोंड करून बांधलेले. एकाचा दिवा हिरवा, दुसऱ्याचा पिवळा, दोन्ही इमानेइतबारे पेटलेले. खरं तर त्यांची जागा दाराच्या दोन बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत. त्यांच्यामधला अदृश्य किरण मुलाने, मांजराने, कशानेही अडला, की खाली येणारं दार थांबून परत वर जातं. छताजवळ त्या किरणाला अडवणार कोण? पाल सोडली तर कोणी नाही. दार वर्षानुवर्षं आंधळेपणाने बंद होत होतं आणि यंत्राच्या मते सगळं आलबेल होतं.

बरं, हा काही त्या आधीच्या मालकाचा एकट्याचा शोध नाही. इथे ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांमध्ये बेल्ट न लावल्यास वाजणारा बझर सक्तीचा झाला, आणि पाठोपाठ बकलमध्ये खुपसायच्या क्लिपा बाजारात आल्या. पट्टा नाही, नुसती धातूची जीभ. बझर गप्प. शेवटी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या. क्लिप आणि चिकटपट्टी यांत मला तरी काही फरक दिसत नाही. तेव्हा शिस्तीचा मुद्दा काकांनी आता सोडावा.

फरक आहे तो सक्ती कोणावर केली यात. ऐंशीच्या दशकात इथे आपोआप बंद होणाऱ्या दारांखाली सापडून लहान मुलं दगावली. त्यावर १९९० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला दाराखाली काही अडकलं तर दार उलटं फिरवणारी सोय बंधनकारक झाली. आईबापांना दंड नाही, गॅरेजात पोलीस नाही. सेन्सरची वायर काढून टाकली तर रिमोटने दार बंदच होत नाही. म्हणून तर त्या मालकाला एवढा खटाटोप करावा लागला. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काही लोकांना गॅरेजचं दार उघडता न आल्याने गाडी बाहेर काढता आली नाही. तिथे १ जुलै २०१९ पासून बॅटरी नसलेलं ओपनर विकणं आणि बसवणं दोन्ही बेकायदा आहे. दंड विकणाऱ्याला आणि बसवणाऱ्याला.

पण मग चिकटपट्टी का? याचं उत्तर नवीन ओपनर बसवल्यावर संध्याकाळी मिळालं. आमचं दार पश्चिमेला. कलता सूर्य थेट किरण टिपणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यात, दार अर्ध्यावर येऊन परत वर आणि मोटरवरचा दिवा लुकलुकतोय. दाराखाली काहीही नाही. असं रोज झालं, तर भला माणूसही चिकटपट्टी शोधेल. उपाय सोपा निघाला: दोन सेन्सरच्या बाजूंची अदलाबदल केली, टिपणारा सावलीत गेला, मग दिवा थरथरायचा थांबेपर्यंत सेन्सर किंचित किंचित वळवला. खोटा गजर करणारी सुरक्षा लोकांना फसवाफसवी शिकवते. आपल्या गाडीत शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी बझर ठणाणा करतो, त्याचंही हेच.

या यंत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने पळवाटही ठेवली आहे. सेन्सर बिघडला तर भिंतीवरचं बटण सतत दाबून धरा, दार खाली येतं. बोट आधीच काढलं तर परत वर जातं. म्हणजे सेन्सरला डावलता येतं, पण तुम्ही स्वतः उभं राहून बघत असाल तरच. हे रिमोटने होत नाही. आणि बटण लावायचंच असतं दार दिसेल अशा जागी, लहान मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर.

अमेरिका सगळीकडे इतकी शहाणी नाही, हेही सांगतो. दाराचं वजन मोटर उचलतच नाही, ते पेलतात वरच्या पीळ दिलेल्या स्प्रिंगा. त्या तपासायला लाल दोरी ओढून दार मोटरपासून सोडवायचं, हाताने अर्ध्यावर आणायचं आणि सोडायचं. तिथेच राहिलं तर स्प्रिंग ठीक. घसरलं तर नवीन मोटर आणून काही उपयोग नाही. या स्प्रिंगचा पीळ चुकीच्या पद्धतीने सोडवला तर हात मोडू शकतो, आणि तिथे सुरक्षा म्हणजे एक इशाऱ्याचं लेबल. स्प्रिंग कोणीही विकत आणावी आणि आपल्या जबाबदारीवर बसवावी. मी ते काम कारागिराला दिलं.

मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्या प्रवाशांना बेल्टची सक्ती असल्याचं पोलिसांनी जाहीर केलं. बेल्टचा दंड एक हजार रुपये. मागच्या भेटीत मी टॅक्सीत मागे बसलो आणि पट्टा ओढला, तर बकल सापडेना. ते सीटकव्हरखाली शिवून गेलं होतं. चालक म्हणाला, "मागे कोण लावतं साहेब." बकलच नाही तर प्रवासी लावणार कुठे, आणि दंडाची पावती मात्र बेल्ट न लावल्याची. टॅक्सीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं. तेव्हा कव्हर उचलून सगळी बकलं वर आहेत का हे बघायला किती वेळ लागतो?

हे मी ग्रुपवर टाकलं. चुलतभावाला एकदम पटलं, कारण त्यात रस्त्यांचा उल्लेख नव्हता तरी दोष प्रवाशाचा नव्हता. काका अजून दंडाच्या रकमेवरच आहेत. पाच हजार करा म्हणतात.