कामाला येणाऱ्या बाईलाही बाळंतपणाची पगारी रजा हवी

आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला दिवस गेले, तर तिला निदान तीन महिन्यांची भरपगारी रजा आपण द्यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. सरकारने द्यावीच, पण सरकार देईपर्यंत ते मूल थांबणार आहे का?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत राहणाऱ्या, ऑफिसात नोकरी करणाऱ्या मुलींना बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा मिळते. 2017 साली कायदा बदलला आणि 12 आठवड्यांचे 26 झाले. फार चांगलं झालं. पण हा कायदा कारखाने, दुकानं, ऑफिसं यांच्यासाठी. तुमचं-माझं स्वयंपाकघर त्यात बसत नाही. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात 2008 पासून आहे, तरी आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी एकीचीही नोंदणी नाही. राहिली मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला 5000 रुपये, दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर 6000. मिळतात तिला आधार होतो, नाही कोण म्हणतं? पण चार-पाच घरं धरणाऱ्या बाईची महिन्याची कमाईही त्यात भरून निघत नाही.

आमच्या मजल्यावर येणारी मुलगी सध्या सातव्या महिन्यात आहे. भांडुपला खिंडीपाड्यात डोंगरावर राहते. सकाळी पाण्याचे हंडे भरून, त्या पायऱ्या उतरून, रिक्षा नाही तर चालत इथवर येते. उकिडवी बसून लादी पुसताना मध्येच एक हात भिंतीला लावून श्वास घेते. मी मॉप आणून दिला, तर आधी विचारलंन, "पैसे कापणार नाही ना, ताई?" तिला कळांची भीती नाही. तिला भीती आहे ती बदलीवालीची. "ती माझी घरं धरून बसली तर मी परत कुठे जाऊ?" या एका भीतीपायी या बायका सव्वा महिना होतो न होतो तोच कामावर येतात.

मग बाळाचं काय होतं? पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे दवाखान्यातल्या प्रत्येक भिंतीवर लिहिलेलं असतं. आई सकाळी आठ ते दोन आपल्याकडे. बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर, तिची शाळा बुडवून, बाटलीत पातळ केलेलं पावडरचं दूध. याच मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी उभी केली, ज्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी. इथे तर आई धडधाकट आहे, दूध आहे, आणि ती आपली कढई घासते आहे. मला हे बघवत नाही.

आम्ही चार घरांनी मिळून ठरवलं आहे. आठवा लागला की बाथरूम आणि लादी बंद, फक्त भांडी. तपासणीच्या दिवशी पूर्ण सुट्टी, कारण पालिकेच्या ओपीडीत अख्खी सकाळ जाते. बाळंतपणानंतर तीन महिने पूर्ण पगार, बदलीवालीचे पैसे वेगळे, आणि तिलाही आधीच सांगायचं की हे काम तीन महिन्यांचंच. घरटी दोन हजार धरले तर वरचा खर्च सहा हजार. बारशाच्या हॉलच्या नुसत्या फुलांना याहून जास्त जातात.

"पैसे घेऊन गावाला गेली आणि आलीच नाही तर?" असं एका वहिनींनी विचारलं. नाही आली तर नाही आली. ते पैसे तिच्या बाळाच्या पोटात गेले असतील.

रविवारच्या मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे. जिने झाडणाऱ्या बायकांचाही, कारण त्या कंत्राटदाराकडच्या असल्या तरी जिने आपले आहेत. आणि कल्याण मंडळाच्या नोंदणीचे फॉर्म भरायला क्लब हाऊसमध्ये एक टेबल मांडायचं आहे. दोन तास बसायला कोण येणार, ते मला कळवा.