छापील किंमत

आमच्या शाळेच्या वॉट्सॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक फोटो आला. नाशिकच्या रविवार कारंजाजवळचं ते दुकान, शटर अर्धं खाली आणि काचेवर हाताने लिहिलेला कागद: 'दुकान बंद करणे आहे. शिल्लक पुस्तके पन्नास टक्के सवलतीत.' मी तो पाहिला तेव्हा इथे जर्मनीत, कासेलमध्ये, सकाळचे नऊ वाजले होते आणि मी आमच्या दुकानाचं कुलूप काढत होते. तिकडे तोवर दुपार झाली होती आणि वाद पेटला होता. मराठी माणूस वाचतच नाही, असं एकजण म्हणाला. मोबाइलने वाट लावली, दुसरा म्हणाला. तिसऱ्याने लिहिलं, 'काकांनी बदलायला हवं होतं. मी त्यांच्याकडे पुस्तकं चाळायचो आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचो. तीस टक्के स्वस्त पडतं, मग कोण घेईल?' त्या संदेशाला अकरा अंगठे मिळाले होते.

त्या अकरा अंगठ्यांचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

मी अकरा वर्षं पुस्तकं विकते आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे या देशात आले, चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाले आणि पुस्तकविक्रीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. इथे तो रीतसर शिकून घ्यायचा पेशा आहे, सुताराचा किंवा परिचारिकेचा असतो तसा. आमचं दुकान लहान आहे. मालकीणबाई, मी आणि शनिवारी येणारी एक विद्यार्थिनी. रात्री केव्हातरी गाडीवाला त्याच्याकडच्या किल्लीने दार उघडून करड्या प्लास्टिकच्या पेट्या आत ठेवून जातो. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत मागवलेलं बहुतेक कुठलंही पुस्तक सकाळी त्या पेटीत असतं. मी पेट्या उपसते, गिऱ्हाइकांची पुस्तकं आडनावांप्रमाणे मागच्या फळीत लावते, उरलेली टेबलावर. मग दहा वाजता दार उघडतं.

आता मुद्दा. त्या पुस्तकाची जी किंमत आमच्याकडे, तीच रेल्वे स्टेशनवर, तीच सुपरमार्केटात, तीच इंटरनेटवर. कायद्याने. प्रकाशक किंमत ठरवतो आणि नव्या पुस्तकावर कुणालाही एक सेंट कमी घेता येत नाही. आत्ताचा कायदा 2002चा आहे, पण पुस्तकव्यापाऱ्यांनी आपसात हा नियम लावून घेतला तो 1880च्या दशकात. कारणही त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं: शहरातले मोठे व्यापारी टपालाने स्वस्तात पुस्तकं पाठवायला लागले की गावातला दुकानदार मरतो. म्हणजे आपल्याला आज जे नवं संकट वाटतं, ते इथल्यांनी पोस्टाच्या काळात पाहून घेतलं. आपल्याकडे पुस्तकावर छापलेली किंमत ही फक्त वरची मर्यादा असते. खाली कितीही उतरा, विचारणारं कुणी नाही.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं. उत्तर आलं, 'बाई, तिकडचं तिकडे.'

ठीक आहे. मग तिकडचंच आणखी सांगते, कारण वाचनसंस्कृतीवर गळा काढणाऱ्यांपैकी कुणी पुस्तकाच्या दुकानात दिवसभर उभं राहिलेलं दिसत नाही.

किमतीचा विषय मिटलेला असला की दुकानात काय उरतं? पुस्तक उरतं. 'किती सोडाल' हा प्रश्नच नसतो, म्हणून माणसं दुसरे प्रश्न विचारतात. माझ्या कामाचा अर्धा भाग ते ऐकून घेण्याचा आहे. एखादी बाई येऊन म्हणते, काहीतरी छान द्या. 'तुम्हाला काय आवडतं?' हे मी कधी विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला माणूस स्वतःला शोभेल असं उत्तर देतो. मी विचारते, मागच्या वेळी कोणतं पुस्तक अर्धवट टाकलंत? त्याचं उत्तर खरं येतं. 'फार माणसं होती, नावं लक्षात राहीनात.' मग तिला मी तीन माणसांची दोनशे पानांची कादंबरी देते आणि ती पुढच्या महिन्यात परत येते.

नातवासाठी पुस्तक घ्यायला आलेल्या आजींना मी सांगते की तुम्ही एक निवडा आणि दोन त्याला निवडू द्या. ती दोन भुताची किंवा फुटबॉलची निघाली तरी नाक मुरडू नका. न वाचणाऱ्या पोराच्या हातात बोधकथा देणं म्हणजे त्याला पुस्तकांपासून कायमचं लांब पाठवणं. चित्रकथा द्या, जाडजूड द्या, मालिकेतला पहिला भाग द्या म्हणजे दुसरा मागायला तो स्वतः येईल. बायको गेलेल्या एका गृहस्थांना दुःखावरचं पुस्तक हवं होतं. मी त्यांना पक्ष्यांवरचं दिलं. ते आता दर दोन आठवड्यांनी येतात आणि कोणता पक्षी दिसला ते सांगतात. काही वेळा मी सरळ सांगते, हे घेऊ नका, तुम्हाला आवडणार नाही. त्या दिवशी गल्ल्यात चोवीस युरो कमी पडतात, पण ते गिऱ्हाईक दहा वर्षं टिकतं.

चुकलेही आहे. पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या बाईंना मी युद्धातल्या निर्वासितांवरची कादंबरी मोठ्या उत्साहाने दिली. पंधरा दिवसांनी त्यांनी ती काउंटरवर ठेवली, पैसे मागितले नाहीत. एवढंच म्हणाल्या, मी सहा वर्षांची असताना त्या रस्त्याने चालत आले होते. तेव्हापासून पुस्तक सुचवण्याआधी मी थोडी जास्त वेळ गप्प राहते.

हे सगळं रविवार कारंज्यावरचे काका करत नव्हते का? माझं म्हणणं हेच आहे, की करत होते. मी सातवीत असताना मोठ्यांची एक रडकी कादंबरी काउंटरवर ठेवली, तेव्हा त्यांनी ती उचलून परत फळीवर लावली. 'दोन वर्षांनी ये,' म्हणाले, आणि एका मोहिमेचं प्रवासवर्णन वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून दिलं. दोन वर्षांनी ती कादंबरी त्यांनी स्वतःहून काढून ठेवली होती. त्यांना कुठल्या अभ्यासक्रमाची गरज नव्हती. गरज होती ती एवढीच, की त्यांच्याकडून सल्ला घेऊन माणसाने पुस्तक दुसरीकडून घेऊ नये. माझ्या वर्गमित्राने काकांचा वेळ, त्यांची जागा, त्यांचं डोकं फुकट वापरलं आणि पैसे भलत्यालाच दिले. वर म्हणतो, त्यांनी बदलायला हवं होतं.

मराठी माणूस वाचत नाही हे मला पटत नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 साली सुरू झालं. साहित्य संमेलनात पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. 2024च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच ग्रुपवर दिवसभर पेढ्यांची चित्रं फिरत होती. आणि इथल्या ट्राममध्ये काय सगळे पुस्तकं उघडून बसतात? तेही मोबाइलच बघतात. फरक वाचकात नाही. इथे दुकानदाराला भावाच्या लढाईत एकटं सोडलेलं नाही, हा फरक आहे. सवलतीचा खेळ एकदा सुरू झाला की प्रकाशक छापील किंमतच फुगवतो, कारण तीस टक्के सोडायचे आहेत हे त्याला आधीच माहीत असतं. प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शनातली सवलत, दिवाळीची सवलत. मग जो सरळ दुकानात जाऊन छापील किंमत देतो, तोच मूर्ख ठरतो.

ब्रिटनमध्ये अशीच ठरीव किंमत होती, ती 1990च्या दशकात मोडली. स्वित्झर्लंडमध्ये 2007 साली गेली आणि 2012 साली परत आणायची का यावर जनमत घेतलं, तर लोकांनी नको म्हटलं. म्हणजे शहाण्यासुरत्या देशांतही लोक स्वस्ताईलाच मत देतात, हे मला माहीत आहे. जर्मनीतही लहान दुकानं बंद होतात. आमच्याच रस्त्यावरचं दुसरं दुकान गेलं. मालकाला वारस मिळाला नाही. पण ते थकून गेलं, कुणी त्याला भावात पाडून घालवलं नाही.

ग्रुपवर एका मैत्रिणीने मला मुंबईच्या स्ट्रँडची आठवण करून दिली. टी. एन. शानभागांनी 1948 साली सुरू केलेलं दुकान, 2018च्या फेब्रुवारीत बंद झालं. 'स्ट्रँड तर सवलतीसाठीच प्रसिद्ध होतं,' ती म्हणाली. 'तुझ्या कायद्यात त्याला दंड झाला असता.' बरोबर आहे. माझ्याकडे याला नीट उत्तर नाही. लोक तिथे सवलतीसाठी जात आणि शानभागांसाठी परत येत, असं मी मानते, पण ती पहिली सवलत नसती तर किती पोरं त्या दारात शिरली असती, हेही मला विचारावं लागतं.

आणि मग तिने पुढचं लिहिलं, ते मला लागलं. 'तुझ्याकडे चोवीस युरो काढून देणारं गिऱ्हाईक आहे. इथे तीनशेचं पुस्तक दोनशे दहाला मिळालं, तर उरलेल्या नव्वदात पोराची वही येते. तू हे विसरलीस.'

मी विसरलेले नाही. माझे वडील शिक्षक होते. आमच्या घरात विकत घेतलेली पुस्तकं एका कपाटात मावत. बाकी सगळं वाचनालयातून. वर्षातून एकदा प्रदर्शन लागलं की आई पन्नास रुपये देई आणि मी आधी सवलतीच्या टेबलाकडे धावत असे. ते प्रवासवर्णनसुद्धा काकांनी पूर्ण किमतीला दिलं नव्हतं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ग्रुपवर मी ती लिहिली नाही.

माझ्या टॅबलेटमध्ये एकशे चाळीस मराठी पुस्तकं आहेत. त्यांतली नऊ मी विकत घेतली आहेत. उरलेली स्कॅन केलेल्या पीडीएफ, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आलेल्या, काहींच्या पानांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा दिसतो. दिवसभर मी एक सेंट कमी न करता पुस्तकं विकते आणि रात्री पलंगावर पडून, ज्या भाषेत मी स्वप्नं बघते त्या भाषेतलं चोरलेलं पुस्तक वाचते. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की इथे मराठी पुस्तक मिळत नाही, टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त पडतो, मी दूर आहे. गेल्या महिन्यात त्या रागाच्या भरात मी यादी काढून बसले. कितीतरी पुस्तकांची ई-आवृत्ती रीतसर विकत मिळत होती. मी कधी शोधलीच नव्हती. माझा वर्गमित्र निदान कुणाला तरी दोनशे दहा रुपये देत होता.

आमच्या एका नेहमीच्या बाईंनी मला मागे विचारलं होतं, तुमच्या भाषेतलं काहीतरी द्या ना. मी त्यांना किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'चा जर्मन अनुवाद मिळवून दिला. नगरकर इथे पुष्कळ वाचले गेले, जर्मन सरकारने त्यांना सन्मानही दिला. बाईंना पुस्तक फार आवडलं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, आता पुढचं. मी फळीकडे बघत राहिले. जर्मनांना जर्मन पुस्तकं सुचवताना मी अडखळत नाही, आणि माझ्या स्वतःच्या भाषेतलं दुसरं पुस्तक त्यांच्या हातात ठेवता येईना. अकरा वर्षांत या दुकानात मला इतकं परकं कधीच वाटलं नव्हतं.

मी काकांना फोन केला. आवाज बारीक झाला आहे, पण त्यांनी मला वडिलांच्या नावावरून लगेच ओळखलं. माझ्याकडे पीडीएफमध्ये असलेल्या पुस्तकांची यादी मी त्यांना वाचून दाखवली आणि यातली जी शिल्लक असतील ती सगळी पाठवा म्हणाले. एकवीस निघाली. काका, कागदावर पन्नास टक्के लिहिलंय ते मला नको, छापील किंमत लावा, भाऊ येऊन पैसे देईल. पीडीएफचं मी त्यांना सांगितलं नाही. ते हो म्हणाले आणि मग तब्येतीच्या गोष्टी झाल्या. इथे थंडी किती, मुलगी मराठी बोलते का. समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते, असं मी सांगितलं.

पार्सल बावीस दिवसांनी दुकानाच्या पत्त्यावर आलं. सकाळी करड्या पेट्यांशेजारीच मी ते फोडलं. पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, सुतळी बांधलेली. वर बिल होतं, जुन्या पावतीपुस्तकातलं, निळ्या शाईतलं. एकवीस नावं, प्रत्येकापुढे छापील किंमत, खाली बेरीज. बेरजेखाली त्यांनी दहा टक्के वजा केले होते आणि शेजारी कंसात लिहिलं होतं, 'घरचे गिऱ्हाईक'.