वाजवणाऱ्याचं नाव सांगा की!

गेला आठवडाभर माझी झोप अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या घड्याळावर चाललीय. तिथल्या जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हलचे बरेच कार्यक्रम डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे तिथलंच रेडिओ स्टेशन मैदानातून थेट ऐकवतं, आणि नेटवर ते इंदुरात फुकट लागतं. तिकडे सकाळी अकराला वाजायला लागतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तिकडे सातला मंडळी आवरतात तेव्हा आमच्या दारात दूधवाला. रात्रभर खाण्यासाठी जागणारा आमचा सराफा झोपला तरी हे चालूच. मधल्या वारी, मैदानात काही नसतं तेव्हा, स्टुडिओतले कार्यक्रम, त्यात 30 एप्रिलचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची ती नावाजलेली रात्र, सत्कारणी लागली म्हणायची.

सगळंच आवडलं असं नाही. नाव जॅझचं, पण चर्चमधलं गॉस्पेल, ब्लूज, ब्रास बँड असं काय वाट्टेल ते असतं, आणि काही बँड तर निव्वळ दणदणाट. पण मी अडकले ती निवेदकांत. हे लोक पगारी नाहीत, हौशी स्वयंसेवक आहेत. रेकॉर्ड संपली की ट्रम्पेट कोणाचा, पियानोवर कोण, बास कोणाचा, ड्रम्स कोणाचे, सगळं सांगतात. मागे बसून ठेका धरणाराही सुटत नाही.

रामबागेतले आमचे काका एका रात्री सोबतीला बसले. दहा मिनिटांत म्हणाले, "हा वाजवतो कमी, बोलतो फार." काकांचा जन्म विविध भारतीवर गेलाय. मी म्हटलं, "काका, आकाशवाणीवर ख्याल संपला की तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे सांगतातच ना? ते तुम्हाला चालतं." तर म्हणे, ते शास्त्रीय आहे.

नेमकं इथेच माझं भांडण आहे. जॅझ आपल्या घराघरांत पोचला तो कुठल्या कॉन्सर्टमधून नाही, सिनेमाच्या गाण्यांतून. 1951 च्या 'अलबेला'तलं 'शोला जो भडके' घ्या. संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, आणि ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं आल्दोना. मुंबईत त्याला, अमेरिकेतल्या थोर जॅझ ट्रम्पेटवाल्यावरून, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हा माणूस आपल्या बँडसकट त्या सिनेमात पडद्यावरही दिसतो, पण रेडिओवर गाणं लागलं की गायक, गीतकार, संगीतकार, झालं. शंकर-जयकिशनच्या आणि ओ. पी. नय्यरच्या किती गाण्यांची वाद्यरचना सेबास्टियन डिसोझांनी केली, पण आमच्या पिढीतल्या कितीजणांनी हे नाव रेडिओवर ऐकलंय? मी तरी नाही.

अपवाद आहे. 1968 ची शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाइल' ही रेकॉर्ड. रईस खाँची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, आणि अकरा राग. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत असं त्यात पुष्कळ आहे (मलाही तोडी तिथे जरा घाईत वाटतो), पण निदान कोण वाजवतंय हे कळतं.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र बिनतोड होता. एका गाण्याला पन्नास-साठ वादक, त्यात व्हायोलिनवालेच ढीगभर. सगळ्यांची नावं घेत बसलं तर गाणं कधी लावायचं? आणि जुन्या तबकड्यांवर ही नावं छापलेलीही नसत. कबूल. सगळ्यांची नकोत. ज्याच्या एकट्याच्या तुकड्यावर गाणं उभं आहे त्याचं घ्या, आणि अरेंजरचं, म्हणजे वाद्यरचना करणाऱ्याचं घ्या. चार सेकंद लागतात. जाहिरातीला त्याहून जास्त देता.

मोबाइलवरच्या अ‍ॅप्सकडून तर मला काही अपेक्षाच नाही. तिथे गीतकार शोधायलाही तीन ठिकाणी बोट दाबावं लागतं. रेडिओकडे निदान बोलणारा माणूस आहे.

तेव्हा मालवा हाउसमध्ये, म्हणजे आमच्या इंदूर आकाशवाणीत, ज्यांची ओळख आहे त्यांनी हे तिथवर पोचवा. आठवड्यातून एक तास, जुनीच गाणी, पण निवेदन फक्त वादकांवर. पहिल्या चार कार्यक्रमांची यादी मी करून देते. काकांना विचारून नाही.