मोठं दुकान बंद पडल्यास नागरिकांनी घ्यावयाची काळजी

कोथरूडात आमच्या भागातलं ते काचेचं, गारेगार, तीन मजली दुकान बंद झालं. दारावर कागद आहे : 'नूतनीकरणासाठी तात्पुरते बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' दुकान उघडलं तेव्हा घरोघरी पत्रकं आली होती, तेलावर किती सूट आणि साखरेवर किती. बंद होताना काय करायचं याचं पत्रक मात्र कोणी टाकत नाही. म्हणून जनहितार्थ हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम, त्या कागदावर विश्वास ठेवा. रात्री टेम्पो लागला आणि रॅक गेले. मग फ्रीजर गेले. मग पाटीवरची अक्षरं एकेक करून उतरली. नूतनीकरण म्हटलं की जुनं काढावंच लागतं. वॉचमन जुना होता, त्यालाही काढला.

साठवलेले पॉइंट्स विसरा.

पुढच्या खेपेला आधीच ओळखायचं असेल तर रॅककडे नीट बघत चला. एकाच कंपनीचा सॉस चार खणांत पसरलेला, पुढे बाटल्यांची एक रांग आणि मागे मोकळं. तूरडाळ 'उद्या येईल'. आठ काउंटरपैकी दोन चालू. याचा अर्थ माल पुरवणाऱ्यांचे पैसे थकलेत. तुम्ही मात्र याला 'हल्ली गर्दी कमी असते, बरं वाटतं' म्हणायचं.

घरात त्या दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचं एखादं यंत्र असेल तर ते बिघडू देऊ नका. आमच्याकडे मिक्सर आहे. वॉरंटी शिल्लक, बिल जपलेलं, आणि चटणीचं भांडं फिरेना. हेल्पलाइनला फोन लावला. 'सर, जवळच्या शाखेत संपर्क साधा.' ती बंद आहे. 'मग ज्या शाखेतून घेतला तिथे जा, सर.' तीच ती. 'सर, सिस्टिममध्ये शाखा चालू दाखवतेय.' अहो, मी तिच्या दारात उभा आहे, आत कबुतरं आहेत. 'सर, तिथल्या कस्टमर डेस्कला बिल दाखवा.' त्या मुलीवर चिडू नये. तिची नोकरीही बहुधा सिस्टिममध्येच चालू असेल.

बंद का झालं, हे विचारू नका. विचारलंत तर 'ग्राहकांच्या बदलत्या सवयी' असं उत्तर मिळेल, म्हणजे दोष तुमचाच. हिशेब तसा साधा आहे. किराण्यात खर्च जाऊन हाती उरतात जेमतेम दोन-चार टक्के. जागेचं भाडं करारानुसार दर तीन वर्षांनी चढतं, वर देखभाल आणि एसीचं वीजबिल. विक्री काही त्या करारात सही करून बसलेली नसते. त्यात दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप आली. त्यांचं गोदाम मागच्या गल्लीत, शटर अर्धं ओढलेलं, ना काच ना एसी. डी-मार्टने जागा शक्यतो विकत घेण्याचं धोरण ठेवलं, त्यामुळे तिथे भाडं असं गळ्याशी येत नाही. बाकीच्या बऱ्याच जणांनी कर्ज काढून भाड्याच्या जागांत दुकानं थाटली. २००९ मध्ये 'सुभिक्षा'ची देशभरातली सुमारे १६०० दुकानं बंद पडली, तेव्हाच हे कळायला हरकत नव्हती. मग 'बिग बझार'. त्याची मालक कंपनी फ्युचर आणि ॲमेझॉन कोर्टात भांडत होत्या, भाडी थकली होती, भाडेपट्टे रिलायन्सने आपल्या नावावर करून घेतले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांना सकाळी शटर खाली दिसलं. जुलैत फ्युचर रिटेलची दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

एवढा हिशेब सांगायचा नसेल तर चोरांवर ढकला. अमेरिकेत तशी पद्धत आहे. 'टार्गेट'ने सप्टेंबर २०२३ मध्ये चोऱ्या आणि असुरक्षिततेचं कारण देऊन नऊ दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथल्या दुकानदारांच्या राष्ट्रीय संघटनेनेही म्हटलं होतं, मालाच्या घटीपैकी, म्हणजे न विकताच गायब होणाऱ्या मालापैकी, जवळजवळ निम्मी संघटित टोळ्यांमुळे होते. डिसेंबरात संघटनेने तो दावा मुकाट मागे घेतला. त्या मानाने 'वॉलमार्ट' सरळ. एप्रिल २०२३ मध्ये शिकागोतल्या आठांपैकी चार दुकानं बंद करताना त्यांनी सांगून टाकलं की, सतरा वर्षांपूर्वी पहिलं दुकान काढल्यापासून या शहरात आम्हाला नफाच झालेला नाही. सतरा वर्षं! तोवर आसपासचे छोटे दुकानदार काय वाट बघत बसणार होते?

आमच्याकडचे तरी कुठे बसले? कोपऱ्यावरचे शेठ वही ठेवायचे. महिनाअखेरीस पैसे, फोनवर यादी, पोऱ्या पोतं खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणून टाकायचा. कोणाच्या घरी दवाखाना चालू असेल तर दोन महिने वही उघडायचेच नाहीत. लॉकडाउनमध्ये हेच शेठ मागच्या दाराने दूध, पीठ देत होते, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर त्यांना 'कोविड योद्धा' म्हणून हात जोडलेले फोटो पडले. मोठं दुकान आलं आणि तेच योद्धे तेलाच्या पिशवीमागे चार रुपये 'लुटतात' असं ठरलं. सगळी यादी तिकडे आणि शेठकडे काय, तर कढीपत्ता आणि पाचशेचे सुट्टे. शेठनी गाळा विकला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. बघा, खिचडी होते का त्यांची.

ज्येष्ठ नागरिकांनी ॲप शिकावं. ओटीपी येईपर्यंत उपास करावा.

बरं, पुरे झाली गंमत. पलीकडच्या सोसायटीतले एक आजोबा काठी टेकत त्या दुकानात जायचे, ते आता साबण आणायला रिक्षा करतात. चांगल्या वस्तीतली माणसं आहेत म्हणून निभावतंय. आणि सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा कशाची, तर त्या ब्रँडचं चीज आता कुठे मिळेल! लाज वाटत नाही? काउंटरवरच्या मुली वारज्याहून, धायरीहून दोन बस बदलून यायच्या. 'उद्यापासून येऊ नका' हे त्यांना मोबाइलवर कळलं. त्या कंत्राटी एजन्सीमार्फत लागलेल्या. शेवटच्या महिन्याचा पगार एजन्सी म्हणते कंपनी देईल, कंपनी म्हणते एजन्सीला विचारा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने, म्हणजे इथे दुकानाच्या कंपनीने, द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. ग्रुपवर दोन वकील आहेत, एक निवृत्त सरकारी अधिकारी आहेत, गुड मॉर्निंग टाकायला सगळे आहेत. यातल्या एकाने त्या मुलींना कामगार आयुक्तांच्या नावे साधा अर्ज लिहून दिला नाही. सुट्टे आणि चीज मागताना तोंड बरं उघडतं तुमचं. आता उघडा.