‘अंधांना व्हिडिओ गेम खेळता येणं शक्यच नाही’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

प्रोजेक्टचे विषय ठरवायचे दिवस आले की सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिडिओ गेम हा मुळात नजरेचा खेळ, अंध माणसाला तो खेळता येणं शक्य नाही. फार तर फोनमधला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं ॲप, जे वाचेल ते वाचेल. त्यांच्यासाठी काही करायचं तर खर्च दुप्पट, खेळणारे मूठभर, आणि मदत दिली की बाकीच्यांवर अन्याय. एवढं करून शेवटी सल्ला: तरीही करायचंच असेल तर डोळ्यांना पट्टी बांधून एकदा खेळून बघा, झालं. असं वाचून मुलं चांगला विषय हातचा सोडतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘गेम हा नजरेचा खेळ आहे.’ फोनवरच्या लुडोत संगणकाचा भिडू तुमच्याविरुद्ध खेळतो, तुमच्या सोंगट्या मारतो, कधी जिंकतोही. तो पडदा बघत नाही. कोणती सोंगटी कोणत्या घरात आहे, फासा किती पडला आणि त्यातून कोणत्या चाली निघतात, एवढं त्याला पुरतं. खेळायला लागते ती माहिती. चित्र हा ती पोचवायचा एक रस्ता झाला, आवाज हा दुसरा. जपानमध्ये 1997 सालीच सेगा सॅटर्न या गेम खेळायच्या यंत्रावर ‘रिअल साउंड’ नावाचा गेम आला होता, त्यात चित्र नव्हतंच. 2020 च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’मध्ये अपंग खेळाडूंसाठीच्या सोयींच्या साठाहून जास्त सेटिंग्ज होत्या आणि अंध खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळला. 2023 च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये न बघता गाडी हाकायची सोय आहे, ती घडवताना ब्रँडन कोल या अंध सल्लागाराचा हात होता. ‘शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान ही तीन नावं शोधून बघावीत.

‘स्क्रीन रीडर आपोआप वाचेल.’ नाही वाचत, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक किंवा विंडोजवरचा एनव्हीडीए, हे स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघत नाहीत. ॲप त्यांना बटणांची आणि मजकुराची यादी देतं, तीच ते वाचतात. गेम इंजिन, म्हणजे युनिटी किंवा गोडोसारखं गेम बनवायचं सॉफ्टवेअर, मात्र सगळं पडदाभर एकाच पटावर रंगवतं. स्क्रीन रीडरच्या लेखी तिथे एक रिकामा चौकोन असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही यादी गेमलाच द्यावी लागते. युनिटी 6 मध्ये अँड्रॉइड आणि आयफोनसाठी तशी सोय आहे, गोडो 4.5 मध्येही स्क्रीन रीडरचा आधार आला आहे, अजून प्रायोगिक अवस्थेत. विंडोजवर एनव्हीडीएची कंट्रोलर डीएलएल नावाची छोटी जोडफाइल गेमसोबत ठेवली की तुमचा मजकूर थेट त्याच्या आवाजात बोलता येतो.

अँड्रॉइडवर एक जास्तीची अडचण आहे. टॉकबॅक चालू असताना एका बोटाचा स्पर्श आधी तो घेतो, गेमपर्यंत जसाच्या तसा पोचू देत नाही. एक बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचली जाते, दोनदा टिचकी मारली की ती निवडली जाते. लुडोसारख्या डावाडावाने चालणाऱ्या खेळाला हे पुरतं: चार सोंगट्या, फासा आणि मेनू यांची यादी दिली की काम भागतं. धावत्या खेळाला नाही पुरत. तिथे गेमने स्वतः फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीचमधून, म्हणजे मजकुराचा आवाज करणाऱ्या सोयीतून, बोलायचं आणि खेळापुरता टॉकबॅक थांबवायला सांगायचं.

आणि बोलायचं काय? अंधांसाठी सोय करायला निघालेले इथे दुसऱ्या टोकाला जातात, सगळंच वाचायला लावतात. लुडोच्या बाहेरच्या वाटेवर 52 घरं आहेत. ती ओळीने वाचायला लागलात तर खेळणारा फोन ठेवून देईल. फासा 4 पडला तर एवढंच बोला: ‘चार. दुसरी सोंगटी हिरवीला मारते. तिसरी सुरक्षित घरात जाते. पहिली आणि चौथी हलत नाही.’ कामाचा शब्द पुढे, कारण सरावलेला माणूस वाक्य अर्ध्यावर तोडून पुढे जातो. ‘तुमच्या दुसऱ्या क्रमांकाच्या सोंगटीला आता…’ अशी सुरुवात केलीत तर मुद्दा येईपर्यंत त्याने बोट पुढे सरकवलेलं असतं. बाकीची माहिती मागितली तरच द्या: बोटाची एक खूण ‘पुन्हा सांग’साठी, एक प्रतिस्पर्ध्यांच्या सोंगट्या ऐकण्यासाठी.

बोलण्याच्या रांगेकडेही लक्ष हवं. अँड्रॉइडच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये क्यू-फ्लश आणि क्यू-ॲड असे दोन मार्ग आहेत, पहिला चालू वाक्य तोडतो, दुसरा रांगेत लावतो. सगळं फ्लश केलं तर ‘तुमची सोंगटी मारली’ हे ‘आता तुमची पाळी’खाली चिरडतं. सगळं ॲड केलं तर आवाज खेळाच्या तीन चाली मागे राहतो. स्वतःच्या बोटाने झालेली हालचाल फ्लश, खेळात घडलेली घटना ॲड, असा नियम ठेवा. पाळीला 15 सेकंदांचं घड्याळ असेल तर ते वाक्य बोलून संपल्यावर सुरू करा. नाहीतर त्यातली सहा-सात सेकंद ऐकण्यातच जातात आणि हरल्याचं खापर खेळाडूवर फुटतं.

सोलापुरात भाषेचा प्रश्न वेगळा सोडवावा लागतो. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरं. फोनचा आवाज इंग्रजीवर लावलेला असेल तर देवनागरी मजकुरावर तो गप्प राहतो किंवा अडखळतो. म्हणून भाषा गेममधूनच मागा, आणि मराठी आवाज फोनमध्ये उतरवलेला नसेल तर टेक्स्ट-टू-स्पीचकडून तसं उत्तर मिळतं, ते तपासा. ते न तपासणारा गेम काहीच न बोलता उघडतो आणि खेळाडूला वाटतं फोन अडकला.

वेगाच्या खेळात बोलणं पुरत नाही, तिथे खुणेचे आवाज लागतात. समजा स्टेशनपासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत रिक्षा न्यायचा गेम आहे. ‘डावीकडे वळा’ म्हणायलाच एक सेकंद जातो. त्याऐवजी डाव्या कानात टिकटिक द्या, वळण जवळ येईल तशी जलद. ती ठरावीक अंतरावर सुरू करू नका. ताशी 30 किलोमीटरला 15 मीटर म्हणजे 1.8 सेकंद मिळतात, 60 ला फक्त 0.9. वळण दोन सेकंदांवर आलं की सुरू, असा हिशेब ठेवा. रस्त्याच्या मधोमध असताना शांतता, कडेला सरकलं की त्या बाजूने घरघर. ‘सगळं ठीक आहे’ असं सतत वाजवत राहिलात तर दहा मिनिटांत डोकं उठतं. मागून येणाऱ्या बसचा हॉर्न पुढून आल्यासारखा वाटतो, कारण समोर आणि मागे दोन्हीकडून आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. यावर साधा उपाय: मागचे आवाज थोडे खालच्या पट्टीत आणि वरच्या कंपनांना चाळणी लावून वाजवा, आणि हा नियम पूर्ण गेमभर पाळा.

खुणेच्या आवाजासाठी एमपी3 वापरू नका. एन्कोडर सुरुवातीला बारीक शांतता घालतो आणि ठोका उशिरा वाजतो. वेव्ह किंवा ऑग प्रकारची फाइल घ्या. ब्लूटूथ इअरफोनवर आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, शिवाय शांततेनंतरच्या छोट्या आवाजाची सुरुवात गिळली जाते. वेगाच्या खेळाला तारेचा इअरफोन लावायला सांगा. आणखी एक: एसटी स्टँडवर बसून खेळणारा अंध मुलगा दोन्ही कान बंद करून बसत नाही, एक कान घोषणेकडे लागतो. तेव्हा डावं-उजवं फक्त बाजूवर सोडू नका, दोघांचा आवाजही वेगळा ठेवा, आणि सगळं एकाच कानात द्यायचं सेटिंग द्या. मेनूत ‘आवाजांची ओळख’ असं पान हवं, जिथे प्रत्येक खूण नावासकट ऐकता येते.

‘मदत दिली की बाकीच्यांवर अन्याय.’ जून 2023 मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर 6’मध्ये प्रतिस्पर्धी किती लांब आहे ते आवाजाने कळतं. डोळस खेळाडूला ते अंतर पडद्यावर आधीच दिसत असतं. फटका कधी मारायचा हे ज्याचं त्यानेच ठरवायचं. आपोआप नेम धरण्यासारखी मदत असेल आणि क्रमवारीच्या सामन्यांत खटकत असेल तर ती तिथे बंद ठेवा. पूर्ण सोयच नाकारायला हे कारण पुरत नाही.

‘खर्च दुप्पट, खेळणारे मूठभर.’ 2011 च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची नोंद 50 लाखांहून जास्त आहे. त्यातले सगळे गेम खेळतील असं आम्ही म्हणत नाही, पण हा आकडा मूठभर नव्हे. खर्च मात्र कधी सुरुवात करता यावर ठरतो. पहिल्याच आठवड्यात ‘बोल’ नावाचं एकच फंक्शन लिहा, मजकूर आणि तातडी एवढंच घेणारं. गेममधला प्रत्येक शब्द त्यातूनच जाऊ द्या. मजकूर चित्रात कोरू नका, तक्त्यात ठेवा. भाषांतरालाही तोच तक्ता लागतो. चालींची यादी संगणकाच्या भिडूसाठी तुम्ही केलेलीच असते, ती मोठ्याने वाचायची तेवढी राहते. गेम पूर्ण झाल्यावर हे घुसवायला गेलात तर प्रत्येक पडदा उसवावा लागतो. ‘दुप्पट’ ही तक्रार बहुधा तिथूनच येते.

पैसे न लागता बिघडणारी जागाही सांगून ठेवतो: पहिला पडदा. आवाज चालू करायचं बटण मुक्या मेनूत तिसऱ्या पायरीवर असेल तर त्याचा उपयोग शून्य. टॉकबॅक चालू आहे का हे अँड्रॉइडला विचारता येतं. असेल तर गेम उघडताच बोलू लागा. लॉगिनचं चित्रकोडं आणि नाव नसलेली जाहिरातीची फुली, या दोन ठिकाणी उत्तम गेमही अडकतो.

‘डोळ्यांना पट्टी बांधून तपासा.’ पट्टीने एवढंच कळतं की एखादा पडदा पूर्ण मुका आहे का. तुम्हाला मांडणी पाठ असते, बोट आपसूक योग्य जागी जातं. शिवाय डोळस माणूस सावकाश बोलणारा आवाज लावतो, नेहमी स्क्रीन रीडर वापरणारे तो कितीतरी जलद ठेवतात, आणि त्या वेगात तुमची वाक्यं कुठे तुटतात ते तुम्हाला ऐकूच येणार नाही. पट्टीची फेरी स्वतः करा, मग तीन-चार अंध खेळाडू बोलवा, त्यातला एक तरी गेमला अगदी नवखा. फोन त्यांचाच, त्यांच्या सेटिंग्जसकट. पहिली 15 मिनिटं काही सुचवू नका, फक्त टिपा: कुठे थांबले, काय दोनदा ऐकलं, कोणता आवाज कशाचा आहे म्हणून विचारलं. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. दुरुस्ती झाली की त्यांनाही परत दाखवा आणि एका नव्या माणसालाही, कारण जुन्यांना आता तुमचा गेम पाठ झालेला असतो.